तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फचा हँडिकॅप उतरवायला काय घोटायचं?

आठवड्याला जेमतेम तास-दीड तास मिळतो, मग सराव ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या काठीचा) करू की पटिंगचा (चेंडू होलकडे हलकेच घरंगळवायचा)? हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारे बहुतेक 20 च्या आसपास हँडिकॅपवाले, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीसेक जास्त घेणारे, ठाणे-अंधेरीहून ट्रॅफिक तुडवत चेंबूरच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला नाहीतर खारघरच्या कोर्सला पोचणारे. त्यांच्याकडे वेळ थोडा, म्हणून सरळच सांगते: आधी आयर्न, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी काठ्या. 120 ते 160 यार्डांवरून ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) गाठायचा सराव.

स्कोअर पटिंगवरच ठरतो, असं क्लबात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या फटक्यांचा हिशोब मांडला, तेव्हा वेगळंच दिसलं. सरस आणि कच्च्या खेळाडूच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. पटिंगचा वाटा त्यामानाने बराच कमी.

हँडिकॅपचं गणितही इकडेच बोट दाखवतं. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 राउंडांपैकी उत्तम 8 धरल्या जातात. शिवाय प्रत्येक होलला मर्यादा असते. कोर्स हँडिकॅप 18 असेल, तर पार 4 च्या (चार फटक्यांत संपवायच्या) होलवर 7 च्या वरचा आकडा हिशोबात येतच नाही. म्हणजे एखाद्या होलवर 10 झाले म्हणून रात्रभर तळमळायचं कारण नाही. तुम्हाला अडवून धरतात त्या चांगल्या दिवशीही न सुटणाऱ्या बोगी आणि डबल बोगी (पारपेक्षा एक आणि दोन फटके जास्त). त्यातल्या कितीतरी दुसऱ्या फटक्यापासून सुरू होतात: चेंडू ग्रीनच्या अलीकडे पडतो, मग चिप (जवळून उचललेला छोटा फटका), मग दोन पट.

कॅडी, म्हणजे काठ्यांची बॅग घेऊन सोबत चालणारे, हे रोज बघतात. ‘साहेब, एक क्लब मोठा घ्या,’ म्हणजे एक नंबर जास्त लांब मारणारी काठी घ्या, असं ते सांगतात ते उगीच नाही. आपल्याला आपला सात नंबर आयर्नचा सर्वांत लांब गेलेला फटका लक्षात असतो आणि क्लब आपण त्याच्या भरवशावर काढतो. त्यापेक्षा सरावाच्या रेंजवर सात नंबरने दहा चेंडू मारा, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडून द्या, आणि उरलेले कुठे पडले ते लिहून ठेवा. पडले ती जागा धरायची, घरंगळत गेले ती नाही. तो आकडा तुमचा खरा सात नंबर.

आता कृत्रिम गवताच्या मॅटविषयी, कारण मुंबईत बराचसा सराव मॅटवरच होतो. क्लब चेंडूच्या आधी दोन बोटं जरी टेकला, तरी मॅटवर तो पुढे घसरतो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. तोच फटका गवतावर मारला तर क्लब मातीत रुततो आणि चेंडू निम्म्या वाटेत पडतो. म्हणून चेंडूच्या मागे साधारण वीतभर अंतरावर नॅपकिनाची घडी ठेवा. क्लब नॅपकिनाला न शिवता चेंडूला लागला पाहिजे. जिथे गवतावर मारायची परवानगी असेल, तिथे उखडलेली माती बघा. खड्डा चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू झाला पाहिजे. मला विचाराल तर नुसत्या मॅटवर शंभर चेंडू बडवण्यापेक्षा असे तीस चेंडू जास्त कामाचे.

पटिंगमध्ये घोटायचं ते अंतर. तीन पट बहुतेक वेळा पहिला पट फार आखूड किंवा फार लांब गेल्यामुळे होतात. 30 फुटांवरून व्यावसायिक टूरवरचे खेळाडूसुद्धा सरासरी दोनच्या आसपास पट घेतात, तेव्हा तिथून चेंडू होलच्या तीन फुटांत थांबवणं एवढंच आपलं काम. राउंडआधी दहा मिनिटं प्रॅक्टिस ग्रीनवर हेच करा. तीन-चार फुटांचे पट घरातल्या पॅसेजमध्येही होतात.

ड्रायव्हरवर चेंडू खेळात राहण्यापुरताच वेळ घालवा. चेंडू ओबी (हद्दीबाहेर) गेला की एक फटका दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या टीवरूनच तिसरा फटका. ज्या होलवर हे वारंवार होतं, तिथे हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सावरायला सोपी काठी) काढा.

आणि जून लागला की लिहून ठेवलेले आकडे परत तपासा. ओल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) चेंडू पडतो तिथेच बसतो. उन्हाळ्यात ग्रीनच्या अलीकडे टप्पा पडून वर चढणारा फटका पावसाळ्यात अलीकडेच राहतो, तेव्हा निदान एक क्लब मोठा घ्या.