तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टिंग करूनही पोरं खेड्यात का थांबत नाहीत?

लग्नात भेटा नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला, मी पीएसएम (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, समाजाच्या आरोग्याचा विषय) शिकवते कळलं की प्रश्न ठरलेला: "तुम्ही इंटर्नना खेड्यात पाठवता, मग ती तिथे राहत का नाहीत?" एकदाच लिहून टाकते.

एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे. भोर-जुन्नरकडच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सकाळी ओपीडी, मग लसीकरण नाहीतर रजिस्टरं, संध्याकाळची एसटी पकडून पुणं. दांड्या पडतात, नीट-पीजीचं (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचं) पुस्तक टेबलाखाली असतं. खरं आहे. पण "नुसतं एमबीबीएस?" असं नाक मुरडणारे तुम्हीच ना?

पोस्टिंगमध्ये मन पालटलंच, तर ते एखाद्या रात्री पालटतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून आणतात. चावल्याची खूण नाही. नवख्याचा हात अँटासिडकडे जातो. मुरलेल्या सिस्टरला आधी मण्यार, हा विषारी साप, आठवते. पापण्या आपोआप खाली पडतायत का, थुंकी गिळता येते का, मान उचलता येते का, ते बघायचं. रक्त गोठतं का ते बघायला २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घालून २० मिनिटं हात न लावता ठेवायचं. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी फसवते, त्यात धड रक्तही गोठत नाही. आणि गोठलं म्हणून हुश्श करायचं नाही: ही चाचणी रक्त न गोठू देणाऱ्या घोणस-फुरशाची, मण्यार तिच्यात सापडत नाही. पापण्या खाली पडत असतील तर एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० व्हायल, फेस न आणता विरघळवून, सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस, कारण सापाने विष कमी सोडलेलं नसतं. रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. एवढं करूनही मण्यारीत श्वास थांबू शकतो. मग व्हेंटिलेटर मिळेपर्यंत, १०८ मध्येसुद्धा, कुणीतरी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत बसायचं.

या वेळी शेजारी एमओ (केंद्राचा मेडिकल ऑफिसर) असेल, तर इंटर्न त्या एका रात्रीत वर्षभराचं शिकतो. एमओचा फोन लागत नसेल आणि दारात नातेवाईक ओरडत असतील, तर तो कायमचा धडा घेतो: इथे परत यायचं नाही. त्याचं रजिस्ट्रेशन तात्पुरतं, देखरेखीशिवाय काम करायची मुभाच नाही. तरी जाब त्यालाच विचारतात. त्याला पळपुटा म्हणू नका.

आठवडे वाढवा, असं मी पूर्वी तावातावाने मांडायचे. आता म्हणते, आधी एमओला राहण्याजोगं क्वार्टर द्या, छत न गळणारं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचूदंशावर मोठ्या शहराबाहेर राहूनच काम करत आले. अशा माणसाच्या हाताखाली चार दिवस काढले तरी पोरांची नजर बदलते.

पण मग जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय की खेड्यात वाढलेल्यांना प्रवेश द्या, तीच परत जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे पोस्टिंगआधीच निम्मं ठरलेलं? पटतं, आणि पटतही नाही. जुन्नरची पोरंही पीजीनंतर चिंचवडला फ्लॅट बघतात. बायकोची नोकरी आहे, मुलांची शाळा आहे. त्यावर माझ्या १२ आठवड्यांनी काय करावं, हे आता तुम्हीच सांगा.