रिफ्लेक्सेसचं कौतुक पुरे, जरा फ्रेम्स बघा

फायटिंग गेमची मॅच बघताना लोक "काय रिफ्लेक्सेस आहेत यार" म्हणतात तेव्हा मला त्यांना तिथेच थांबवून सांगावंसं वाटतं की बाबांनो, ह्यातलं निम्मं तर बघून करणं माणसाला शक्यच नाहीये, आणि म्हणूनच हा गेम एवढा भारी आहे.

स्ट्रीट फायटर ६ घ्या. सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे स्क्रीनवर ६० चित्रं, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. बटण दाबल्यापासून फटका बाहेर येईपर्यंतचा वेळ म्हणजे स्टार्टअप, फटका लागू शकतो तेवढ्या फ्रेम्स अ‍ॅक्टिव्ह, आणि मग रिकव्हरी, ज्यात तुम्ही नुसते अडकलेले. आता डोळ्याने बघून बटण दाबायला माणसाला साधारण १२ ते १५ फ्रेम्स लागतात, तेही एकाच गोष्टीकडे लक्ष असेल तर. थ्रोचं, म्हणजे समोरच्याला पकडून आपटण्याचं, स्टार्टअप ५ फ्रेम्स. संपला विषय, थ्रो बघून कोणीच सोडवत नाही, येणार असं वाटलं म्हणून आधीच टेक (थ्रोतून सुटायचं बटण) दाबलेला असतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जड फटका मात्र २६ फ्रेम्सचा, तो दिसतो आणि त्याला उलटा इम्पॅक्ट मारताही येतो, पण तुम्ही त्याच वेळी अँटी-एअरची (उडी मारून येणाऱ्याला पाडायची) वाट बघताय, थ्रोची भीती आहे, समोरच्याचा गेज (खास मूव्ह्जसाठीची पट्टी) मोजताय, तर तोच २६ फ्रेम्सचा इम्पॅक्ट सरळ तोंडावर बसतो. ह्याला मेंटल स्टॅक म्हणतात आणि चांगले प्लेअर्स मुद्दाम तुमचा स्टॅक भरत राहतात.

प्लस-मायनसचा हिशोबही ह्याच्यासाठीच शिकायचा. समजा माझी मूव्ह तुम्ही ब्लॉक केली आणि मी प्लस २ आहे, म्हणजे मी तुमच्या २ फ्रेम्स आधी मोकळा झालो. तुमचा सगळ्यात फास्ट जॅब (हलका ठोसा) ४ फ्रेम्सचा, मी ५ फ्रेम्सचं बटण दाबलं तरी ते हिशोबाने ३ मध्येच पोचतं, तुम्ही मॅश केलंत, म्हणजे घाईने बटण दाबलंत, की काउंटर हिट, तुमचा फटका निघायच्या आतच माझा लागतो. हा झाला फ्रेम ट्रॅप. दोनदा खाल्लात की तुम्ही गप ब्लॉक करून बसता, मग मी चालत येऊन थ्रो करतो, मग तुम्ही थ्रो टेक करायला लागता, मग मी थ्रोच्या रेंजमध्ये येऊन एक पाऊल मागे सरकतो, तुमचा थ्रो हवेत जातो आणि मी पूर्ण कॉम्बो (सलग फटक्यांची माळ) घेतो. ही शिमी. बघा ना, ह्या सगळ्यात रिफ्लेक्स जवळजवळ कुठेच नाही, टर्न माझी आहे हे दोघांनाही माहितीये आणि त्या माहितीवरच सगळी मारामारी चाललीये, मला तर फायटिंग गेममध्ये ह्याच्याइतकं सुंदर काहीच वाटत नाही.

ईव्हो २००४ ह्या फायटिंग गेम स्पर्धेतला डायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग ह्या प्लेअर्सचा तो क्षण तर सगळ्यांनी बघितलाय. गेम स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक, डायगोच्या केन ह्या कॅरेक्टरचं आयुष्य एवढंसं की ब्लॉक केलं तरी चिप डॅमेजने (ब्लॉकवरही कापलं जाणारं थोडं आयुष्य) मेला असता, आणि जस्टिनच्या चुन-लीची सुपर, म्हणजे तिची मोठी खास मूव्ह, आली. १५ फटके एकामागून एक पॅरी, म्हणजे नेमक्या क्षणी पुढे दाबून काहीही न गमावता अडवलेले, शेवटचा तर उडी मारून हवेत. पण पहिली पॅरी बघून करायला तिथे वेळच नसतो! सुपर आत्ता येणार हा अंदाज त्याने आधीच बांधला होता, आणि पुढच्या फटक्यांची लय त्याच्या हातात पाठ होती.

नवीन खेळणाऱ्यांना पूर्ण फ्रेम डेटाचा तक्ता बघून घाम फुटतो, तो पाठ करायची काही गरज नाही. ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर चालू करा आणि आधी तुमच्या कॅरेक्टरचं सगळ्यात फास्ट बटण कोणतं ते बघा, मग तुम्ही सारख्या वापरता त्या चार-पाच मूव्ह्ज ब्लॉक झाल्यावर किती मायनस आहेत तेवढं बघा. मायनस ३ असेल तर पनिश (तुम्ही अडकलेले असताना बसणारा उलटा फटका) सहसा होत नाही पण टर्न गेली, तिथे बटण दाबायचं नाही. मायनस ४ किंवा जास्त असेल तर लांबून, पायाच्या टोकावर लागेल अशी मारा, समोरच्याचा जॅब पोचलाच नाही तर पनिश कसला करणार तो.