यज्दचं पाणी

यज्द, बुधवार रात्र

इराणच्या वाळवंटातल्या यज्द शहरात वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या मराठवाड्यात जूनमधल्या एखाद्या दमदार पावसात तेवढं एका रात्रीत पडून जातं. तरीही हे शहर शतकानुशतकं नांदतंय, बागा राखून आहे. ते कसं, हे आज इथल्या पाणी संग्रहालयात पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाही.

नैर्ऋत्येला शीरकूहचा डोंगर आहे, चार हजार मीटरच्या वर. त्याच्यावर पडलेलं बर्फ वितळून पायथ्याच्या जमिनीत मुरतं. तिथे आधी खोल विहीर खणून पाणी लागतंय का ते बघायचं. मग गावाकडून त्या विहिरीच्या दिशेने बोगदा खणत जायचं, अगदी किंचित चढ ठेवून. उतार जास्त झाला तर पाणी बोगदाच कोरून काढतं, कमी पडला तर गाळ साचतो. दर काही अंतरावर वरून एक उभं विवर, माती बाहेर काढायला आणि खाली हवा जायला. ही कनात. ना मोट, ना पंप. पाणी आपल्या वजनानं चालत येतं आणि वर ऊन कितीही तापलं तरी ते वाफ होऊन उडत नाही. इथल्या जारच कनातीची लांबी ७० किलोमीटरच्या वर आहे, आणि ती थेट जामे मशिदीच्या खालून जाते. सगळं खणलं ते हातानं, कुदळीनं, तेलाच्या दिव्याच्या उजेडात.

एका काचेच्या कपाटात खणणाऱ्याचा वेश ठेवलाय. जाडसर पांढरं सुती कापड, डोक्यावर टोपी, बाजूला आखूड दांड्याची कुदळ. या लोकांना मुकन्नी म्हणतात. बोगदा कोसळला तर तेच कापड कफन व्हावं म्हणून पांढरं घालत, असं इथे सांगतात. त्या कपाटापुढे मी बराच वेळ उभी होते. शहराचे मिनार, घुमट, फरशा सगळ्यांना दिसतात. पण ज्याच्या जिवावर हे सगळं उभं आहे, तो माणूस आडवा होऊन अंधारात माती उकरत होता.

दुसरी वस्तू एवढीशी आहे, पण मला तीच सगळ्यात मोठी वाटली. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढं छिद्र. ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत चढतं, वाटी भरते आणि बुडते. एकदा बुडाली की एक माप झालं. त्या मापाप्रमाणे अमक्याच्या शेताला इतक्या वाट्या, तमक्याच्या बागेला इतक्या. मोजणारा रात्रंदिवस बसून असे, आणि त्याच्यासमोर ज्याची पाळी त्याचा माणूस. हे पाण्याचे हिस्से वारशाने मिळत, विकले जात, धर्मादायही केले जात. वाळवंटात माणसं टिकली ती पाणी सापडलं म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त, ते वाटून घेण्याची रीत सगळ्यांनी मानली म्हणून. युनेस्कोने २०१६ साली इराणच्या ११ कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्यात ही जारचही आहे. मला त्या वाटीसाठीसुद्धा वेगळी नोंद असावीशी वाटते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. शाळेच्या सहलीला पाणचक्की पाहिली होती, ती दुसऱ्या एका नहरीवर चालते. डोंगरातून जमिनीखालून पाणी येतं, एवढंच तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. कसं येतं, ते कळायला मला यज्द गाठावं लागलं.

गुरुवार

आज जुन्या फहादान मोहल्ल्यात दिवसभर पायपीट. गल्ल्या अरुंद, भिंती उंच, मध्येमध्ये वर कमानी आणि छतं, म्हणजे भर दुपारीसुद्धा सावलीतून चालता येतं. भिंतींना गवताचा भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा असतो. उन्हात त्यातली एकेक काडी सोन्यासारखी चमकते. आमच्याकडच्या धाब्याच्या घरांची आठवण येत राहिली, तीच पांढरट माती, तोच दुपारचा गारवा. घराच्या लाकडी दाराला दोन कड्या, पुरुषांसाठी जड आणि बायकांसाठी हलकी. आवाजावरून आतल्यांना कळावं, दार कोणी उघडायचं.

जामे मशिदीच्या निळ्या फरशांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मीही पोटभर पाहून घेतल्या. दुपारी मात्र इथल्या दौलताबाद बागेतून पाय निघेना. अठराव्या शतकातली बाग, तिच्या मंडपावर ३३ मीटर उंचीचा अष्टकोनी बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली आणणारा मनोरा. वर सगळ्या बाजूंना उभ्या फटी आहेत. वारा कुठूनही आला तरी फटीत सापडतो, आतल्या उभ्या कप्प्यांतून खाली उतरतो, खालच्या हौदावरून जातो आणि थंड होऊन खोलीत पसरतो. वारा पडलेला असेल तेव्हा उलटं होतं, आतली गरम हवा त्याच धुराड्यातून वर निघून जाते. बरोबर मधोमध उभं राहून मान वर केली तर वरचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो आणि ओढणी आपोआप हलायला लागते. बाहेर ऊन रणरणत होतं. बादगीर बांधणाऱ्यांना मी मनापासून हात जोडले.

शुक्रवार रात्र

आज लिहिताना सावकाश लिहिणार आहे.

सकाळी आतशकदेह, म्हणजे जरथुश्त्री लोकांचं अग्निमंदिर, इथली आतश बेहराम. जरथुश्त्री म्हणजे आपल्या पारशांचे इराणातच राहिलेले धर्मबंधू. समोर गोल हौद, मागे खांबांची ओसरी, दर्शनी भागावर पंख पसरलेला फरवहर, त्यांचं धर्मचिन्ह. मुंबईत अग्यारीवरून येता-जाता जे चिन्ह दिसतं, तेच. पण तिथे आपल्याला आत जाता येत नाही. इथे काचेपर्यंत जाता येतं. काचेमागे मोठ्या पितळी पात्रात अग्नी, आणि परंपरा सांगते की तो इ. स. ४७० पासून विझलेला नाही. जागा बदलत, लपवत, जपत तो १४७४ साली यज्दला आला. आताची ही इमारत १९३४ची, आणि तिच्यासाठी पैसा गेला तो हिंदुस्थानातल्या पारशांकडून.

बाराशे वर्षांपूर्वी जे इराण सोडून गेले ते मागे राहिलेल्यांना विसरले नाहीत, ही गोष्ट मला त्या अग्नीइतकीच मोलाची वाटते. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठवलं. सुरतजवळ जन्मलेला हा माणूस. यज्द आणि कर्मानच्या जरथुश्त्रींची अवस्था त्याने पाहिली, शाळा काढल्या, पडलेल्या वास्तू दुरुस्त केल्या, आणि जिझिया उठवण्यासाठी वर्षानुवर्षं दरबारात खेटे घातले. १८८२ साली तो कर रद्द झाला. हातरिया १८९०मध्ये तेहरानमध्येच वारले.

काल ज्या बादगिराखाली मी एवढी हरखून गेले होते, तो बादगीर आपल्या घरावर बांधायची जरथुश्त्रींना जवळजवळ विसाव्या शतकापर्यंत मनाई होती. घर ठेंगणंच हवं, शहरातून घोड्यावर बसून जायचं नाही. हे कळल्यावर कालची सगळी पानं पुन्हा वाचली. वारा फुकट असतो, तो तरी सगळ्यांचा असायला हवा होता. शहराचं कौतुक मी एका शब्दानेही कमी करत नाही, पण हेही त्याच्या वारशातच लिहिलं पाहिजे.

याच जाचाला आणि गरिबीला कंटाळून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्दच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं मुंबईला, पुण्याला आली. चौकातल्या इराण्याच्या हॉटेलात बसून आपण ज्यांच्याकडचा बनमस्का खाल्ला, त्यांतल्या कितीजणांचं गाव इथून हाकेच्या अंतरावर असेल! यज्दच्या बाजारात कुत्ताब ही इथली मिठाई खाताना, वेलदोड्याचा तो वास नाकात शिरला आणि मला पुण्याचा कॅम्प आठवला.

संध्याकाळी शहराबाहेर दखमे पाहिले, म्हणजे जरथुश्त्री जिथे मृतदेह उघड्यावर ठेवत त्या जागा, दोन टेकड्यांवर दोन गोल भिंती. आता त्यांचा वापर नाही, खाली दफनभूमी आहे. फार बोलावंसं वाटलं नाही.

शनिवार

आज चकचक या जरथुश्त्री तीर्थाची वाट. उत्तरेला वाळवंट सुरू होतं तेव्हा आधी कंटाळवाणं वाटतं, सगळं एकाच रंगाचं. मग डोळा बसतो. खडीचा राखाडी, मातीचा पिवळा, दूरच्या डोंगरांचा जांभळट, आणि मध्येच मिठाने पांढरी झालेली जमीन. रस्त्याच्या कडेला मातीच्या कड्यांची रांग लांबवर गेलेली दिसली, मुंग्यांची वारुळं ओळीने मांडावीत तशी. कनातीची विवरं. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवून दाखवली. पाणी आहे का विचारलं तर म्हणाला, "खानूम (बाई), ही मेली."

मोडक्या इंग्रजीत त्याने सगळं समजावलं. विजेचे पंप आले, खोल विहिरी आल्या, पिस्त्याच्या बागा वाढल्या, पाण्याची पातळी बोगद्याच्याही खाली गेली. पंप ज्याच्याकडे त्याचं पाणी, वाटी मोजायला कोणी बसत नाही. यज्दला आता इस्फहानकडून जायंदेरूद नदीचं पाणी पाइपाने येतं. तिकडचे शेतकरी म्हणतात, आमची नदी कोरडी आणि तुमच्या कारखान्यांना पाणी. त्यांनी २०१३मध्ये तर ती पाइपलाइन फोडलीच.

चकचकच्या कपारीत वरच्या खडकातून थेंब थेंब पाणी टपकतं. इस्लामपूर्व इराणच्या शेवटच्या सासानी राजाच्या मुलीला, निकबानूला, डोंगराने पोटात घेतलं आणि हे तिच्यासाठी डोंगराचं रडणं, अशी श्रद्धा. जून महिन्यात जगभरचे जरथुश्त्री इथे यात्रेला जमतात. मी दाराशी चपला काढल्या, ओल्या फरशीवर थोडा वेळ बसले.

परतताना टॅक्सीवाल्याने विचारलं, तुमच्या शहराला पाणी कुठून येतं? जायकवाडी धरणातून, म्हटलं. आणि वरच्या अंगाला नाशिक, अहिल्यानगरची धरणं आहेत, पाऊस कमी झाला की खाली पाणी सोडायचं की नाही यावरून कोर्टापर्यंत जातं. "तुम्ही वरचे की खालचे?" त्याने लगेच विचारलं. खालचे, म्हटलं. "आम्ही पाइपाच्या शेवटच्या टोकाचे," तो म्हणाला, आणि मग वाटेतलं मेबोद गाव येईपर्यंत आम्ही दोघं दुसऱ्या कशावर बोललोच नाही.