तांब्यावरचं पुसट नाव

रविवारी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याहून निघाले आणि नऊच्या आत स्वारगेटला उतरले. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. उशीर झाला की चांगली भांडी गेलेली असतात. मेट्रोनं कसबा पेठ गाठली आणि तिथून तांबट आळीतून चालत निघाले. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडवली जातात. सुट्टी असूनही एका दारामागून मठारायचे ठोके ऐकू येत होते. भांड्यावर हातोडीनं एकाला लागून एक गोल ठसे पाडत जातात, त्यानं पत्रा टणक होतो आणि उजेडात सगळं भांडं लखलखतं. पाच मिनिटं तिथेच उभी राहिले.

जुन्या बाजारात मी जाते ती भांड्यांवरची नावं वाचायला. भांडं द्यायचं म्हटलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. कोणी दिलं, कोणाला, कशाबद्दल, कधी, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. माझी आजी नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात राहायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि तिच्या लग्नातली सगळी भांडी पुरात गेली. कुठलं कोणी दिलं होतं ते ती शेवटपर्यंत घडाघडा सांगायची. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरातल्या चिखलात तिला एकच पितळी वाटी सापडली, तीही तिची नव्हती. वर भलत्याच बाईचं नाव. कुणी मागायला आलं तर जशीच्या तशी देता यावी म्हणून आजीनं त्या वाटीत कधी काही वाढलं नाही. ती वाटी आता माझ्याकडे आहे.

बाजार नेहमीसारखाच गच्च होता. नळाच्या तोट्या, कुलपं, घड्याळांचे सांगाडे, जुनी नाणी, बंद पडलेले रेडिओ. कुणाच्या तरी लग्नाचा आल्बमसुद्धा ताडपत्रीवर उघडा पडला होता. तो मी मिटून ठेवला. एका म्हाताऱ्या मामांच्या ढिगात तांब्याचा एक तांब्या दिसला. काठाखाली ओळ होती. बोट फिरवत वाचली: ‘चि. सौ. कां.’, मग बोटभर गुळगुळीत जागा, मग ‘हिस मामाकडून सप्रेम भेट, मार्गशीर्ष शके १८८०’. म्हणजे १९५८ संपता संपताचं लग्न.

नाव नेमकं का गेलं ते तांब्या उचलल्यावर कळलं. गळ्याशी धरला की बोटं तिथेच येतात. जिचं नाव होतं तिच्याच हातानं ते झिजलं असणार, रोजच्या उचलण्यानं आणि चिंच-राखेनं घासण्यानं. मामाचं नावच नाही, नुसतं ‘मामाकडून’. भाचीला वेगळं सांगायची गरज नव्हती. वडील नसतील का तिला? मामानंच उजवली असेल का? तांब्या बाजारात आला तो घर मोडल्यावर, की सुनेला माळ्यावर जागा हवी होती म्हणून? खरं तर तो वाचला हेच पुष्कळ. स्टील आलं तेव्हा घरोघरचं तांबं-पितळ वजनावर मोडीत गेलं आणि असल्या कितीतरी ओळी भट्टीत वितळल्या.

मामांनी सांगितलेली किंमत मला जड वाटली. तांब्या खाली ठेवला आणि शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, पानाचे डबे अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. दिव्यांचं दालन मला फार आवडतं. पण त्या दिवशी काचेपलीकडचं काही दिसेना, बोटांना ती गुळगुळीत जागा आठवत होती. अर्ध्या तासात बाहेर पडले, रिक्षा केली.

तांब्या तिथेच होता.

“परत आलात होय, ताई?” मामा म्हणाले. थोडे पैसे कमी केले, तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळला. “जुनी नावं शोधत असता का? मघाशी एकेक भांडं फिरवून बघत होता.”

मी आजीची भांडी सांगितली, पूर सांगितला. त्यांनी खिशातली वही काढली. “नाव सांगून ठेवा. आलं कधी तर बाजूला काढतो.”

आजीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं सांगितली. ते वही मिटणार, तेवढ्यात मी म्हटलं, “मामा, अजून एक लिहा.” आणि वाटीवरचं नाव सांगितलं.

“ह्या कोण तुमच्या?”

“माहीत नाही,” म्हटलं. “पण त्यांच्या घरचं कुणी शोधत आलं, तर त्यांची वाटी माझ्याकडे आहे म्हणून सांगा.”

मामांनी ते नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे ‘वाटी, सातारा’ असं लिहून ठेवलं.