छ्याओंच्या वाड्याबाहेरची भिंत

चीनच्या शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ या जुन्या शहराची तटबंदी सुरेख आहे आणि मुख्य रस्त्यावरची गर्दी असह्य, त्याबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते तिथून ताइयुआनकडे जाताना लागणाऱ्या छ्याओ घराण्याच्या वाड्याबद्दल. त्यातही, आत पाऊल टाकण्याआधीच्या एका भिंतीबद्दल.

वाड्याचा महादरवाजा पूर्वेला. त्याच्यासमोर आडोशाची भिंत, आणि तिच्यावर विटांत कोरलेलं एकच अक्षर शंभर वेळा: ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य. कुठलीही दोन अक्षरं सारखी नाहीत. एकात रेघा ताठ, काटकोनात मोडणाऱ्या. दुसऱ्यात त्याच रेघा वेलासारख्या वळसे घेत उतरतात. भिंतीचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलली की ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक वळणाला सावलीची कड मिळते. माझा तिथून पाय निघेना. पण आमच्या गाइडने कर्ण्यातून दोन वाक्यं सांगितली, झेंडी उंचावली आणि सगळ्यांना आत पिटाळलं. मला मनापासून राग आला. मी मागेच थांबलो.

म्हणून बाजूच्या दोन ओळींकडे नीट लक्ष गेलं. सेनापती झुओ झोंगतांगने भेट दिलेल्या, जुन्या मुद्रालिपीतल्या. मथितार्थ असा की वासना आवराव्यात, शील साठवावं, म्हणजे चांगलं लिहिता येतं. हे घराणं हुंडीच्या पेढ्या चालवणारं! असल्या सावकाराने येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच दिसावं म्हणून हे निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आतला वाडा १७५६च्या सुमारास बांधायला घेतलेला, आता ३१३ खोल्यांचा. मधून ऐंशी मीटरचा दगडी बोळ, दोन्ही अंगांना चौक, टोकाला पूर्वजांचं देवघर. बाहेरच्या भिंती दहा मीटरहून उंच. छपरांचा उतार आतल्या बाजूला. पावसाचं पाणी आपल्याच चौकात पडावं, लक्ष्मी बाहेर जाऊ नये म्हणून.

बाकी चौकाचौकांत लाल कंदील आणि त्यांच्याखाली फोटोंसाठी रेटारेटी. १९९१ साली आलेल्या, एका श्रीमंताच्या चार बायकांच्या ‘रेझ द रेड लँटर्न’ (लाल कंदील उंचवा) या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं होतं, त्याचा हा परिणाम. आणि खुद्द छ्याओंच्या घरात उपपत्नी करायला सक्त मनाई होती! गाइडने कंदिलांआधी तो नियम सांगायला हवा होता, आणि भिंतीपाशी निदान अर्धा तास तरी थांबू द्यायला हवं होतं.