अडकलेलं पातं

लॉन कापणाऱ्या रोबोच्या पोटाखाली एक चकती असते आणि तिच्या कडेला तीन छोटी पाती. प्रत्येक पातं एका शोल्डर स्क्रूवर, म्हणजे डोक्याखाली गुळगुळीत गोल भाग (शोल्डर) असलेल्या स्क्रूवर, सैल बसवलेलं असतं. बोटाने ढकललं की ते स्क्रूभोवती गरकन फिरलं पाहिजे. पुण्याच्या एका कंपनीकडून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर तपासायला आलेल्या पहिल्या चकतीवर तीनपैकी दोन पाती फिरत होती. तिसरं बोटाने हलेना.

तक्रार अशी होती. एका बंगल्याच्या लॉनवर रोबो आंब्याच्या उघड्या मुळावर चढला आणि तिथे बोटभर खोल खाच पाडून अडकला. तिथे माणसाचं पाऊल असतं तर काय, हे मालकाने लगेच विचारलं आणि त्याचं बरोबरच होतं. चकती घेऊन आलेल्या इंजिनिअरचा संशय धारेवर होता. पाती फार धारदार झालीत, थोडी बोथट करून द्या, असं त्याचं म्हणणं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. शेंडे दोन दिवसांत तपकिरी पडतात आणि मोटर उगाच जास्त करंट खेचते. धारेवर बोट ठेवण्याआधी बाकीचं बघायला हवं होतं.

आधी हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चकती 190 मिमी व्यासाची, पात्याचा पिव्होट, म्हणजे ते ज्या स्क्रूभोवती फिरतं ती जागा, केंद्रापासून 80 मिमीवर, टोक 110 मिमीवर. म्हणजे पातं सरळ असताना चकतीच्या कडेबाहेर 15 मिमी डोकावतं. ते काटकोनात मुडपलं की टोक केंद्रापासून सुमारे 85 मिमीवर येतं, म्हणजे पूर्ण चकतीच्या आत. वेग मिनिटाला 2800 फेरे, टोकाचा वेग सेकंदाला 32 मीटर. पात्याचं वजन 3 ग्रॅम. त्यात साठलेली ऊर्जा जेमतेम 1.2 ज्यूल. आता तीनच्या ऐवजी 220 मिमी लांब, 25 रुंद, 2 मिमी जाड असं एकच सरळ लोखंडी पातं त्याच वेगाने फिरवलं, तर त्याचं वजन 86 ग्रॅम भरतं आणि ऊर्जा 15 ज्यूलच्या आसपास जाते. सैल पात्यांची पद्धत सुरक्षित मानतात ती या फरकामुळे. ठोकर लागली की 3 ग्रॅमचं पातं मागे वळतं आणि चकती पुढे निघून जाते.

चकतीची ऊर्जा मात्र बहुतेक जण धरतच नाहीत. 4 मिमी ॲल्युमिनियमची ही चकती 300 ग्रॅमची आहे आणि त्या वेगाला तिच्यात सुमारे 60 ज्यूल असतात. कड गुळगुळीत असल्याने एरवी त्याचा त्रास नाही. पण पातं पिव्होटवर अडकलं की ते चकतीचाच दात होतं. मग ठोकर देतात ते 1.2 ज्यूल नव्हे. मागे अख्खी चकती आणि मोटर उभी असते.

हे कागदावर सांगून पटत नाही, म्हणून चाचणी लावली. 3 मिमी पत्र्याची बंद पेटी, समोर 12 मिमी पॉलिकार्बोनेटची खिडकी, आत मोटरवर चकती. एकाच जागी धारेचं पातं, उरलेल्या दोन जागी त्याच वजनाचे गोल केलेले बोथट तुकडे, म्हणजे तोल जात नाही आणि खूण कोणत्या पात्याची हा वाद राहत नाही. समोरच्या स्लाइडवर उसाचं कांडं. कोल्हापुरात ऊस शोधायला जावं लागत नाही हे एक, पण खरं कारण वेगळं. 28-30 मिमी जाडीचं ताजं पेर बाहेरून टणक, आतून ओलं आणि तंतुमय असतं, आणि खाच व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने नीट मोजता येते. लाकडी दांडा कोरडा असतो, त्यावर पातं उडी मारतं. स्लाइडचा वेग सेकंदाला 0.3 मीटर ठेवला, साधारण रोबो लॉनवर चालतो तितका. 2800 फेऱ्यांना एक पातं सेकंदाला सुमारे 47 वेळा त्याच जागी येतं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला कांडं 6.4 मिमी पुढे सरकलेलं असतं.

मोकळ्या पात्याने सालीवर ओरखडे काढले. सगळ्यात खोल खूण दीड मिमीची. मागे वळलेलं पातं सरळ व्हायला पूर्ण फेराही लागत नाही, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा येऊन टेकत होतं, पण प्रत्येक वेळी वळत होतं. मग तेच अडकलेलं पातं, त्याच स्क्रूसकट, न साफ करता लावलं. एकच खणखणीत आवाज आला. कांड्यात 11 मिमीची स्वच्छ खाच, पातं टोकाला वाकलेलं आणि खिडकीच्या आतल्या बाजूला रस उडालेला. पात्यांचा लॉट एकच, धारही सारखीच.

इंजिनिअर म्हणाला, “मामा, नवीन पातं लावून बघू या का?” आमचे फिटर मामा फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्या, हातात घेऊन बसले होते. म्हणाले, “नवीन लावून काय हुतंय? बसायची जागाच घट्ट हाय.” पातं आणि स्क्रूचं डोकं यांच्यामध्ये 0.05 ची पत्तीसुद्धा जात नव्हती.

ड्रॉइंगवर फट होती. शोल्डरची उंची 0.90 मिमी, पात्याची जाडी 0.75, म्हणजे 0.15 मिमी मोकळीक. ती गेली कुठे? पहिलं, पात्याचा बर, म्हणजे कापताना कडेला उभी राहणारी बारीक खरखरीत कड. पत्र्यातून पातं कापणाऱ्या साच्याची (ब्लँकिंग डाय) धार गेली की भोकाच्या कडेला बर उभा राहतो, इथे तो 0.08 निघाला आणि नेमका चकतीकडे तोंड करून बसवलेला. दुसरं कारण कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं: पावडर कोटिंग. चकतीवर त्याचा 70 मायक्रॉनचा, म्हणजे 0.07 मिमीचा, थर होता. स्क्रू आवळताना शोल्डरची टाच तो थर चेंगरून थेट ॲल्युमिनियमवर बसते, पण पातं मात्र आजूबाजूच्या शाबूत थरावरच टेकलेलं राहतं. शोल्डर 0.07 ने खाली गेला, फट तेवढीच कमी झाली. 0.08 आणि 0.07, झाले 0.15. वर पात्यावरचं झिंक प्लेटिंग दोन्ही बाजूंनी मिळून आणखी पंधराएक मायक्रॉन. एकेक आकडा आपापल्या टॉलरन्समध्ये, आणि उरलेली फट शून्याच्याही खाली.

राहिलेलं काम गवताने केलं. ओली हरळी कापताना तिचा चीक आणि बारीक माती पिव्होटपाशी जमते. पावसाळ्यात रोज ओलं, मग शेडखाली चार्जिंगला उभं राहून सुकतं. सुकलेला थर नखाने निघत नाही, पाण्यात भिजवून लाकडी काडीने खरवडावा लागतो. मोठ्या फटीतही हा थर येतोच, पण तिथे पातं प्रत्येक ठोकरीला हलून तो फोडत राहतं. शून्य फटीत तो डिंकासारखा धरून ठेवतो.

दुरुस्ती ठरवताना पहिला मोह असतो तो फट सरळ 1 मिमी करून टाकण्याचा. तसं करू नये. स्क्रूचं डोकं 9 मिमी, पिव्होटपासून टोक 30 मिमी. 1 मिमी फटीला पात्याचं टोक तीन-सव्वातीन मिमी खाली झुकू शकतं. पूर्ण वेगात केंद्रापसारी ओढ त्याला सरळ ठेवते, पण सुरू होताना आणि थांबताना ते पात्यांखालच्या संरक्षक तबकडीवर (स्किड प्लेट) घासतं. भोकही लवकर अंडाकृती होतं. शेवटी शोल्डर 1.25 केला, फट 0.50. टोकाचा झोल 1.7 मिमीच्या आत राहतो. पिव्होटभोवती चकतीला 1 मिमी उंच, 9 मिमी व्यासाचा गोल उंचवटा (बॉस) दिला आणि कोटिंगच्या वेळी त्यावर टोपी लावायची असं ड्रॉइंगवरच लिहिलं. आता पातं बॉसवर टेकतं, बाकी चकतीपासून सुटं राहतं, चीक धरायला जागा उरत नाही. बर 0.03 च्या वर चालणार नाही आणि तो नेहमी स्क्रूच्या डोक्याकडे. शोल्डरचा व्यास 5.5, पात्याचं भोक 6.

तपासणीसाठी गेजची गरज नाही. चकती उभी धरायची आणि हाताने हळू फिरवायची. प्रत्येक पातं वर आलं की स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे. 3 ग्रॅमचं पातं पडत नसेल तर चकती परत. हीच चाचणी लॉनवरच्या माळ्यालाही करता येते, फक्त आधी मेन स्विच बंद आणि हातात जाड मोजे.

दुसऱ्या चकतीवरचं प्रकरण निराळं होतं आणि माझ्या मते जास्त धोक्याचं. तिथे एक पातं भोकापाशी तुटून अर्धं गायब होतं. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर वाकल्याची खूणच नाही, सपाट, दाणेदार, चकाकणारा. दगडावर आपटून तुटलेलं पातं आधी थोडं तरी वळतं. कठीणपणा काढला. 0.75 मिमी जाडीच्या जॉबवर रॉकवेल सी स्केल थेट वापरली की आकड्यावर भरवसा राहत नाही, म्हणून 30एन सुपरफिशियल या हलक्या दाबाच्या स्केलवर घेऊन सी स्केलमध्ये बदलला: 54 एचआरसी. स्प्रिंग स्टीलला इतकं कडक ठेवलं, वर झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं, आणि प्लेटिंगनंतर बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवून आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढणं, केलंच नव्हतं. ॲसिडने साफ करताना (पिकलिंग) आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो. कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि भाराखाली काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कुठलीही ठोकर न लागता तडकतं. प्लेटिंगवाल्याचं चलन बघितलं, त्यात फक्त ‘झिंक, 8 मायक्रॉन’ लिहिलेलं. बेकिंग मागितलं नाही तर तो देणार कशाला?

अशा जॉबला प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत 190 ते 220 अंशांच्या भट्टीत घालावं लागतं आणि कठीणपणा जितका जास्त तितके तास वाढवावे लागतात. आम्ही दोन पर्याय दिले: 46 ते 50 एचआरसी आणि बेकिंगची अट चलनावर छापील, किंवा 420 ग्रेडचं स्टेनलेस आणि प्लेटिंगच नको. दुसरा थोडा महाग पडतो. तरी मी तोच घ्या म्हटलं, कारण चलनावरची अट पाळली गेली की नाही हे पातं हातात घेऊन कळत नाही.

अर्धं पातं गेल्यावर काय होतं तेही बघण्यासारखं. पूर्ण वेगात प्रत्येक पातं पिव्होटला सुमारे 24 न्यूटनने, म्हणजे अडीच किलोच्या वजनाइतकं, बाहेर ओढत असतं. तिघांची ओढ एकमेकांना तोलते. त्यातलं एक हलकं झालं की न तोललेला भार सेकंदाला 47 वेळा दिशा बदलत मोटरच्या बेअरिंगला हादरे देतो. त्याच हादऱ्यांनी बाकीचे स्क्रू सैल होतात. रोबो कलला हे ओळखायला त्याच्या बोर्डवर ॲक्सिलरोमीटर (हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर) असतोच. त्याच्यावर या कंपनाची मर्यादा लावून चकती थांबवणं हे फक्त प्रोग्रॅमचं काम आहे, एकही सुटा भाग वाढत नाही.

स्क्रूबद्दल एकच. उलट्या आट्याचा स्क्रू लावा, म्हणजे सैल होणार नाही, ही सूचना हमखास येते. या रोबोत चकती आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरते, पात्याच्या दोन्ही कडा वापरल्या जाव्यात म्हणून. त्यामुळे उलटा आटा निम्मा वेळ चुकीचाच. शिवाय ब्रेक लागतो तेव्हा झटका वेगळ्या दिशेने बसतो. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) किंवा नायलॉन पॅचचा स्क्रू, आणि पाती बदलताना स्क्रूही नवा. जुना स्क्रू पुन्हा वापरून वाचतात ते काही रुपये, आणि त्यासाठी अख्खी चकती धोक्यात.

उसाची चाचणी ही कारण शोधायची चाचणी. ती प्रमाणपत्राची जागा घेत नाही. या यंत्रांसाठी आयईसी 60335-2-107 हे मानक आहे, त्यात तपासणीसाठी पावलाच्या आकाराचा नमुना (प्रोब) आहे, उडणाऱ्या वस्तूंची चाचणी आहे, आणि प्रमाणपत्र हवं तर या चाचण्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये करून घ्याव्या. शिवाय मानक माणसाचा विचार करतं. डेन्मार्कमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 मॉडेल्स मेलेल्या हेजहॉगवर (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) चालवून बघितली होती. एकाही मॉडेलला तो प्राणी अंगाला टेकेपर्यंत कळला नाही. कमी इजा झाली ती सैल पाती, स्किड प्लेट आणि पुढच्या चाकांची ड्राइव्ह असलेल्या यंत्रांकडून. आपल्या लॉनवर हेजहॉग सहसा नसतात, पण बेडूक, सरडे आणि कुत्र्याची पिल्लं आहेत. म्हणून रात्री रोबो चालवू नका, एवढं मॅन्युअलमध्ये ठळक घालायला सांगितलं.

कंपनीने एक मागणी केली ती मात्र आम्ही ड्रॉइंगवर घेतली नाही. भिंतीलगत कापायची राहणारी पट्टी ग्राहकांना खटकते, म्हणून पाती कव्हरच्या कडेकडे 25 मिमी सरकवायची होती. ती पट्टी राहते कारण पात्याचं टोक कडेपासून लांब ठेवलेलं असतं, बोटं आत गेली तरी पोचू नयेत म्हणून. ते अंतर कापणीच्या रुंदीसाठी खर्च करायचं नसतं. भिंतीलगत महिन्यातून एकदा दोरीचा ट्रिमर मारा असं कळवलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. 1.25 शोल्डरच्या स्क्रूंची ऑर्डर मात्र आली.