पूर चार सेकंदांत येत नाही

‘लहान मुलांच्या कार्टूनमध्ये राजकारण कशाला?’ ही तक्रार सांगली जिल्ह्यात ऐकली की गंमत वाटते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यातून उघड उघड राजकारण मांडलं आणि लोकांनी ते टाळ्या वाजवत पाहिलं. त्याआधी सत्यशोधकांचे जलसे होतेच. संदेश असावा का, हा वाद माझ्या लेखी कधीच मिटलाय. तो गोष्टीत कुठे ठेवायचा, इथे मात्र भल्याभल्यांचं गणित चुकतं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे शहाण्या आजोबांचं तोंड. लहान मुलं डोळ्यांपुढचं जसंच्या तसं घेतात. मारेस आणि अकोस्टा या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक कार्टून दाखवलं होतं. त्यात एका कुत्र्याला तीनच पाय. सांगायचं होतं की वेगळ्या दिसणाऱ्याला दूर लोटू नये. बऱ्याच मुलांनी अर्थ घेतला तो तीन पायांच्या कुत्र्यांपुरताच.

दुसरी चूक खलनायकाची, म्हणजे सगळा दोष बाहेरच्या कुणा वाईटावर टाकायची. ‘झूटोपिया’ या कार्टूनपटाच्या (२०१६) आधीच्या आराखड्यात शिकारी प्राण्यांच्या गळ्यात शॉक देणारे पट्टे होते आणि गोष्ट कोल्ह्याची होती. पण असं शहर बघणाऱ्यालाच नकोसं व्हायला लागलं. मग पट्टे गेले, ससुली मुख्य झाली, आणि शिकारी प्राण्यांबद्दलचा पूर्वग्रह तिच्याच मनात ठेवला. पत्रकार परिषदेत नको ते बोलून बसते तीच. जुलमी व्यवस्था दाखवण्यापेक्षा हे जास्त बोचतं, कारण तोवर मुलं तिच्या बाजूची झालेली असतात.

आता हेच सांगलीत आणू. शाळेत दोन मिनिटांची कागदी कटआउटची फिल्म (कागदाचे कापलेले आकार थोडेथोडे सरकवत फोटो काढून केलेली) करायची म्हटलं की विषय पुराचा निघतोच. सेकंदाला १२ फोटो धरले तर १,४४० फोटो लागतात. दोन स्टुलांवर फळी टाकून फोन कॅमेरा खाली कागदाकडे राहील असा बसवा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येऊन चित्र लुकलुकतं. खिडक्या बंद, दोन टेबललॅम्प दोन्ही बाजूंनी तिरके. फोटो काढणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये, त्याचा उजेड कागदावर पडतो. बटण फोनवर दाबलं तर फोन हलतो, म्हणून वायरच्या इअरफोनचं व्हॉल्यूमचं बटण वापरा; बऱ्याच फोनवर ते चालतं.

पाण्यासाठी निळा जिलेटिन कागद, म्हणजे बुडालेलं घरही आतून दिसत राहतं. वरच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, नाहीतर तो गुंडाळतो. चित्रातल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका अशा खुणा करा. पाणी २४ सेंटिमीटर चढवायचं असेल तर दर फोटोला २ मिलिमीटर सरकवा: १२० फोटो, १० सेकंद. घाईत ५ मिलिमीटरने सरकवलं की पूर ४ सेकंदांत येतो आणि वर्ग हसतो. ४० च्या खुणेवर पाणी सेकंद-दीड सेकंद थांबवा. तिथे बोलायची गरजच उरत नाही. पूर्ण फिल्ममध्ये निवेदन ४० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. दोन मिनिटांत दोनशे शब्द कोंबले की भाषण होतं.

आणि दोष कोणावर? पावसावर ढकलणं सोपं, पण ते अर्धवट आहे. कोयनेचा विसर्ग, हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा, बुजवलेले ओढे हे सगळं त्यात येतं. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ते एकट्या ढगांमुळे नाही. मुलं मात्र हमखास मिशीवाला, ढेरपोट्या बिल्डर काढतात. काढू द्या, पण मुख्य पात्र त्याला करू नका. नायिकेच्या लाडक्या काकानेच घराचं काम काढल्यावर राडारोडा रात्री ओढ्यात टाकलाय, असं करा. काका वाईट नाही. ट्रॉलीचं भाडं वाचलं, एवढंच. पाणी पहिल्यांदा शिरतं ते तिच्या मैत्रिणीच्या घरात.

शेवट कसा करायचा, यावर भांडणं होतील. १९५४ च्या ‘ॲनिमल फार्म’ या कार्टूनपटात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा छुपा पैसा होता, आणि ऑर्वेलच्या मूळ कादंबरीत शेवटी सत्ता बळकावलेली डुकरं व माणसं ओळखू येईनाशी होतात तिथे पडद्यावर प्राण्यांचं नवं बंड आलं. आपल्याकडे देणगी देणारा फार तर नावाची पाटी मागेल. पाटी द्या, शेवट देऊ नका.

दाखवून झाल्यावर ‘काय शिकलात?’ विचारलंत तर ‘झाडे लावा, पाणी वाचवा’ असं पाठ उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, काकाने राडारोडा टाकायचा कुठे होता? थोडा वेळ शांतता. मग कुणीतरी म्हणेल, महापालिकेची गाडी यायला पाहिजे होती. दुसरं म्हणेल, बोलवायची कशी पण?